कुळे ते कॅसलरॉक : रुळांवरून गेलेली सरहद्द

मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन कर्नाटकाकडे निघालेली जड मालगाडी कुळे स्थानकात थांबते. पुढचा घाट तिला एका इंजिनाच्या बळावर चढता येत नाही, म्हणून रेटा देणारी जादा इंजिने तिला जोडली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना बँकर म्हणतात. ब्रेक तपासले जातात, सिग्नल मिळतो आणि गाडी दूधसागरच्या दिशेने संथपणे चढू लागते. बोगद्यांच्या मालिकेत कोठेतरी ती गोव्याची हद्द ओलांडून कर्नाटकात शिरते. कोणत्याही वाघिणीचे सील तेथे तपासले जात नाही, कोणी कागद मागत नाही.

सत्तर वर्षांपूर्वी हे चित्र अगदी वेगळे होते. याच रुळांवर दोन देशांची सरहद्द होती. खाली कुळ्याला पोर्तुगीज अंमलदार आणि वर कॅसलरॉकला आधी ब्रिटिश व नंतर स्वतंत्र भारताचे जकात अधिकारी गाडीची वाट पाहत उभे असत. १८८८ मध्ये हा मार्ग सलग खुला झाला आणि १९५५ मध्ये सरहद्दीवर तो तोडला गेला. मधल्या सदुसष्ट वर्षांत गोव्याने आंतरराष्ट्रीय रेल्वे सीमेचे जवळजवळ सर्व प्रकार अनुभवले : जकात नसलेली सीमा, जकातीने अडवलेली सीमा, पोलिसांनी चाळलेली सीमा आणि शेवटी पूर्ण बंद झालेली सीमा. या साऱ्या काळात रूळ तेच होते, घाटही तोच होता. बदलत होते ते दोन सरकारांमधले करार. सीमेवरची मालवाहतूक कशावर चालते आणि कशाने थांबते, याचा इतका स्पष्ट धडा देणारा मार्ग भारतात क्वचितच सापडेल.

एका सीमेत तीन सीमा

रेल्वेमार्ग जेव्हा एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा प्रत्यक्षात तो तीन वेगवेगळ्या सीमा ओलांडत असतो. पहिली राजकीय सीमा. ती नकाशावरची रेषा असते आणि बहुधा एखाद्या नाल्यावर, डोंगराच्या धारेवर किंवा बोगद्याच्या तोंडाशी येते. तेथे गाडी उभी करण्याची सोय असेलच असे नाही. दुसरी जकातीची सीमा. माल कोठे मोजायचा, कोठे उघडायचा आणि कर कोठे घ्यायचा हे ती ठरवते. ती राजकीय रेषेपासून काही मैल अलीकडे वा पलीकडे, एखाद्या सोयीच्या स्थानकात असते. तिसरी सीमा रेल्वे चालवण्याची. कोणत्या रेल्वेचे इंजिन कोठपर्यंत जाणार, गार्ड कोठे बदलणार, दुसऱ्या रेल्वेच्या हद्दीत गेलेल्या वाघिणीचे भाडे कोणी कोणाला द्यायचे, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न तिच्या कक्षेत येतात.

या तीन सीमांचा मेळ बसला तर माल विनासायास जातो. गाडी निघतानाच वाघिणींना सील ठोकले जाते, मालाची यादी आणि बिल्टी गाडीबरोबर पाठवली जाते, आणि सीमेवर फक्त सील शाबूत आहे की नाही आणि वाघिणींची संख्या यादीशी जुळते की नाही एवढेच पाहिले जाते. मेळ बसला नाही, तर प्रत्येक वाघीण बाजूच्या रुळावर काढावी लागते, माल उतरवावा लागतो, तपासून पुन्हा चढवावा लागतो. मालगाडीचा सारा फायदा तिच्या एकसंधपणात असतो. एका यादीवर, एका दमात शेकडो टन माल नेणे हेच तिचे बळ. ती सीमेवर फोडली की तो फायदा संपतो आणि व्यापारी दुसरी वाट शोधू लागतो. गोव्याच्या रेल्वेच्या इतिहासात हे अक्षरशः घडले.

करारातून जन्मलेला मार्ग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गोव्यातील मीठ, नारळ आणि सुपारी बैलांच्या पाठीवरून घाटावर जात असे. मुरगावसारखे नैसर्गिक बंदर असूनही त्याच्या पाठीमागे मोठा मुलूख जोडलेला नव्हता. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि कर्नाटकात भीषण दुष्काळ पडला. अन्नधान्य वेळेवर पोहोचवण्यासाठी दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाला रेल्वे हवी, हा विचार त्यानंतर बळावला. धारवाड आणि बळ्ळारीच्या कापसालाही जवळचे बंदर हवे होते.

या पार्श्वभूमीवर २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला आणि जानेवारी १८८० मध्ये तो अमलात आला. त्याची मुदत बारा वर्षांची होती. या कराराने ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यातील जकातीची भिंत काढून टाकली. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर दोन्ही प्रदेशांत सारखीच जकात आकारायची आणि दोहोंमधील व्यापार मोकळा ठेवायचा, असे ठरले. गुन्हेगारांना परस्परांच्या स्वाधीन करण्याची तरतूदही त्यात होती. मुरगावपासून सरहद्दीपर्यंत रेल्वे बांधण्याची कल्पना याच करारातून मूर्त झाली.

परंतु या मोकळिकीची किंमत होती. गोव्यातील मीठ उत्पादनावर ब्रिटिशांच्या मिठाच्या व्यवस्थेचे नियंत्रण आले. त्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला ब्रिटिश हिंदुस्थानाकडून दरवर्षी चार लाख रुपये मिळत. सरकारी तिजोरीत रक्कम पडली, पण मिठागरांवर पोट असलेल्या गावांना ती भरपाई पोहोचली नाही. अबकारीच्या नव्या रचनेची झळ माडाची सूर काढणाऱ्यांपर्यंत पोहोचली. म्हणून गोव्यात हा करार लोकप्रिय झाला नाही. सीमा उघडण्याचा लाभ एकाला आणि तोटा दुसऱ्याला, ही गोष्ट त्या काळीही खरी होती.

रेल्वे बांधण्यासाठी १८८१ मध्ये लंडन येथे वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द महत्त्वाचा होता. भागधारकांना ठरावीक दराने परतावा मिळेल, रेल्वेला तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट पोर्तुगीज सरकार भरेल, असे त्यात अभिप्रेत होते. मुरगाव बंदराचे आणि मार्गाचे काम सुरू झाले. किनाऱ्यापासून कुळ्यापर्यंतचा भाग तुलनेने सोपा होता. खरी कसोटी पुढच्या घाटात होती. कुळे ते कॅसलरॉक या सुमारे सव्वीस किलोमीटरांत मार्गाला पाचशे मीटरांच्या आसपास उंची गाठायची होती. त्यासाठी सदतीस मीटर अंतरात एक मीटर असा तीव्र चढ स्वीकारावा लागला, डोंगर पोखरून बोगदे काढावे लागले आणि दूधसागरच्या प्रपातासमोरून पूल न्यावा लागला. पावसाळ्यात कोसळणारे कडे आणि रानातला हिवताप यांनी मजुरांचे अतोनात हाल केले. १८८८ च्या आरंभी मार्ग सरहद्दीपर्यंत पूर्ण झाला आणि पलीकडच्या सदर्न मराठा रेल्वेला जोडला गेला. मुरगाव ते सरहद्द हे अंतर सुमारे ब्याऐंशी किलोमीटर भरले.

चार वर्षांची मोकळीक

रेल्वे पूर्ण होईपर्यंत कराराच्या बारा वर्षांतील आठ वर्षे संपली होती. उरलेल्या चार वर्षांत हा मार्ग ज्या हेतूने बांधला गेला, त्या हेतूने चालला. मुरगावला उतरलेला माल जकातीच्या दृष्टीने मुंबईला उतरलेल्या मालासारखाच होता, त्यामुळे सरहद्दीवर त्याला अडवण्याचे कारण नव्हते.

जानेवारी १८९२ मध्ये कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. रूळ जागेवर होते, पूल आणि बोगदे नवे कोरे होते, पण जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. ब्रिटिशांच्या बाजूने कॅसलरॉक आणि पोर्तुगीजांच्या बाजूने कुळे ही जकातीची ठाणी झाली. मुरगावला उतरलेला माल ब्रिटिश मुलखात जाताना आता परदेशी माल ठरू लागला, आणि ब्रिटिश मुलखातून गोव्यात येणाऱ्या मालाचीही तीच गत झाली.

या काळातल्या स्पर्धेतून एक लक्षणीय गोष्ट कळते. गोव्याची रेल्वे आणि सदर्न मराठा रेल्वे या दोन्ही मीटर गेज मार्गांच्या होत्या. हुबळीकडची वाघीण माल न उतरवता थेट मुरगावच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकत होती. याउलट लोंढ्याहून बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला जाणारा मीटर गेज मार्ग पुण्यात संपत असे. तेथून मुंबईपर्यंत ब्रॉड गेज होता, म्हणजे पुण्यात सारा माल उतरवून दुसऱ्या वाघिणींत भरावा लागे. तांत्रिकदृष्ट्या मुरगावची बाजू सरस होती. अंतरही कमी होते. तरीही घाटावरचा मोठा व्यापार मुंबईकडे वळत राहिला. मुंबईला मोठी बाजारपेठ, पेढ्या आणि नियमित जहाजे होती, मुंबईच्या दिशेने मालभाड्याचे दर आकर्षक ठेवले जात होते, आणि मुख्य म्हणजे त्या वाटेवर परक्या सरकारचे जकात ठाणे नव्हते. पुण्याला माल उतरवून चढवण्याची कटकट व्यापाऱ्याने पत्करली, पण कॅसलरॉकची अनिश्चितता पत्करली नाही. गेजच्या फरकाचा खर्च त्याला आधी मोजता येत होता. सरहद्दीवर किती वेळ लागेल आणि काय अडेल, हे मोजता येत नव्हते.

परिणामी गोव्याच्या रेल्वेला अपेक्षित उत्पन्न मिळाले नाही आणि भागधारकांच्या हमीचा बोजा पोर्तुगीज तिजोरीवर, म्हणजे अंतिमतः गोव्याच्या करदात्यावर पडत राहिला. १९०२ मध्ये या मार्गाचे संचालनच सदर्न मराठा रेल्वेकडे सोपवण्यात आले. पुढे १९०८ मध्ये तिचे रूपांतर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत झाले, आणि १९५१ मध्ये स्वतंत्र भारताच्या दक्षिण रेल्वेत ती विलीन झाली. मालकी पोर्तुगीज हमीच्या कंपनीची आणि गाड्या चालवणारी रेल्वे पलीकडच्या देशाची, अशी ही रचना होती.

एक रेल्वे, दोन ठाणी

या व्यवस्थेने तीन सीमांपैकी एक सीमा पुसली गेली. गाड्या चालवणारी यंत्रणा एकच असल्याने इंजिन, गार्ड आणि वाघिणींच्या हिशेबाचा प्रश्न सुटला. उरल्या राजकीय आणि जकातीच्या सीमा. संडूर परिसरातील मँगनीजचे खनिज याच मार्गाने मुरगावला येऊन परदेशी जाऊ लागले. खनिजासारख्या मालाला ही सीमा तुलनेने सोपी होती. एकाच प्रकारचा, एकाच धन्याचा, एकाच जहाजासाठी निघालेला माल तपासायला वेळ लागत नाही. किरकोळ मालाचे तसे नव्हते. कापड, तंबाखू, दारू, किराणा अशा दहा व्यापाऱ्यांच्या दहा प्रकारच्या गाठोड्यांनी भरलेली वाघीण म्हणजे जकात अधिकाऱ्याची खरी डोकेदुखी. आजही जगातील कोणत्याही रेल्वे सीमेवर हा फरक कायम आहे.

मालाबरोबर माणसेही जात होती. मुंबई आणि पुण्याकडे पोटासाठी निघालेल्या गोमंतकीयांच्या पिढ्यांनी कॅसलरॉकचे फलाट आणि तेथल्या झडतीचा खोळंबा अनुभवला. गावाकडून नेलेली फेणी, परत येताना आणलेले कापड, सारेच तपासले जाई.

स्वातंत्र्य चळवळीने जोर धरला तसे या ठाण्यांचे स्वरूप बदलले. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सविनय कायदेभंगाची हाक दिली. त्यानंतर सप्टेंबरच्या अखेरीस ते पुन्हा गोव्यात येत असताना पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना कुळे स्थानकावरच अटक करून आग्वादच्या तुरुंगात टाकले. रेल्वे ही सीमेवरची सर्वांत सहज चाळता येणारी वाट असते, याचे हे ठळक उदाहरण. डोंगरातल्या पायवाटा शेकडो असतात. गाडी मात्र ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फलाटावरच येते. म्हणून सुरक्षायंत्रणांना रेल्वे सोयीची वाटते, आणि त्याच कारणाने चोरटा व्यापार आणि भूमिगत कार्यकर्ते दोघेही रानवाट धरतात. रेल्वेवरचा पहारा कडक केला म्हणजे सीमा सुरक्षित झाली, असे गोव्यातही घडले नाही.

१९५५ : रूळ होते, गाडी नव्हती

भारत स्वतंत्र झाल्यावर कॅसलरॉकच्या ठाण्यावरचा ध्वज बदलला, पण कुळ्यावरचा बदलला नाही. गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगाल चर्चेला तयार नसल्याने भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. पुढच्या काळात प्रवासाचे परवाने आणि मालवाहतुकीवरील निर्बंध वाढत गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या अनेक भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी गोव्यात प्रवेश केला. पत्रादेवीसह ठिकठिकाणी त्यांच्यावर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यानंतर दोन्ही बाजूंचे दरवाजे मिटले. १ सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातील भारतीय वाणिज्य दूतावास बंद झाला. सरहद्दीवरची रेल्वे वाहतूक थांबली आणि दक्षिण रेल्वेबरोबरची संचालनाची व्यवस्थाही संपुष्टात आली. मुरगाव ते कुळे एवढ्याच टापूत पोर्तुगीज प्रशासन गाड्या चालवू लागले. कुळ्यापुढचा घाट निर्जन झाला.

या बंदीचे परिणाम दोन्ही सरकारांच्या अंदाजाहून वेगळे झाले. बेळगाव आणि हुबळीकडून येणारा भाजीपाला, कांदे-बटाटे, धान्य बंद झाल्याने गोव्याच्या बाजारात प्रथम टंचाई जाणवली. नंतर पोर्तुगीज सरकारने समुद्र आणि आकाश यांचा आधार घेतला. दाबोळीचा विमानतळ उभारला गेला, स्वतंत्र विमानसेवा सुरू झाली, आणि पाकिस्तान, सिलोन, युरोप येथून माल येऊ लागला. हॉलंडचे बटाटे गोव्याच्या स्वयंपाकघरात पोहोचले ते याच काळात. आयातीसाठी लागणारे परकीय चलन लोहखनिजातून मिळाले. जपान आणि पश्चिम जर्मनीच्या मागणीमुळे १९५० च्या दशकात खनिजाची निर्यात झपाट्याने वाढली आणि १९६१ पर्यंत ती वर्षाला साठ लाख टनांच्या पुढे गेली. या खनिजाला घाटावरच्या रेल्वेची गरज नव्हती. ते मांडवी आणि झुआरी नद्यांतून बार्जने थेट बंदरात येत होते. नाकेबंदीने गोव्याची पाठ फिरवली ती घाटाकडून समुद्राकडे. दुसरीकडे भारतात सोने, घड्याळे आणि परदेशी चैनीच्या वस्तूंची चोरटी आवक गोव्याच्या सीमेवरून वाढली. गाडी बंद होती, पण वाट बंद नव्हती.

याच सुमारास सीमेवरून मालाला जाऊ देण्याचा हक्क नेमका किती, हा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचला. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाल्यावर, दमणहून तेथे जाण्याचा मार्ग भारताने अडवला अशी तक्रार पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दाखल केली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना भारताच्या नियंत्रणाखाली जाऊ देण्याची पूर्वापार प्रथा होती, असे न्यायालयाने मानले. मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना तसा कोणताही हक्क नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही न्यायालयाने म्हटले. हा खटला गोव्याच्या रेल्वेविषयी नव्हता. पण सीमेवर उभ्या असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्यासमोरचा प्रश्न त्याने नेमका मांडला : गव्हाच्या पोत्याला एक नियम आणि काडतुसांच्या पेटीला दुसरा. अडचण एवढीच की दोन्ही एकाच वाघिणीत असू शकतात.

आजच्या सीमा, जुने प्रश्न

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि कुळे-कॅसलरॉक दरम्यानची आंतरराष्ट्रीय सीमा इतिहासजमा झाली. परंतु तिने उभे केलेले प्रश्न देशाच्या इतर सीमांवर आजही जिवंत आहेत.

पंजाबातील अटारी येथे शून्य रेषेवर रुळांवर लोखंडी फाटक आहे. गाडी येण्याच्या वेळीच ते उघडले जाई. पाकिस्तानातून सिमेंट, सुका मेवा असा माल घेऊन मालगाड्या येत असत. २०१२ मध्ये सिमेंट घेऊन आलेल्या अशाच एका मालगाडीतून शंभर किलोहून अधिक हेरॉईन पकडले गेले. एकाच प्रकारचा माल सोपा असतो, हा नियम चोरट्यांनाही ठाऊक असतो. संशय कमी असतो तेथेच ते जागा शोधतात. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही देशांतील व्यापार थांबला आणि अटारीचे रूळ १९५५ नंतरच्या घाटासारखे ओस पडले.

नेपाळशी वेगळी व्यवस्था आहे. २००४ च्या रेल्वे सेवा करारानुसार भारतीय मालगाडी रक्सौलहून पुढे थेट बीरगंजच्या कोरड्या बंदरापर्यंत जाते. कोलकाता वा विशाखापट्टणम येथे उतरलेल्या नेपाळच्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावले जाते. वाटेत कोणी ते छेडले तर संदेश जातो, आणि सीमेवर कंटेनर उघडण्याची गरज उरत नाही. जकातीची सीमा राजकीय रेषेवरून उचलून आतल्या सोयीच्या जागी नेणे हेच याचे मर्म. तरीही सप्टेंबर २०१५ पासून काही महिने भारत-नेपाळ सीमेवरची वाहतूक विस्कळीत झाली, तेव्हा नेपाळमध्ये इंधन आणि औषधांची टंचाई झाली, आणि पुढच्याच वर्षी नेपाळने चीनशी पारगमनाचा करार केला. गोव्याने घाटाकडे पाठ फिरवून समुद्राकडे पाहिले होते. नेपाळने हिमालयापलीकडे पाहिले.

बांगलादेशाच्या सीमेशी तर नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याचा थेट संबंध आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ट्रक सीमेवर अडकू लागले, तेव्हा लासलगाव परिसरातील कांदा रेल्वेने बांगलादेशात गेला. शेकडो ट्रकांचे काम एका गाडीने केले आणि तपासणीही एकदाच झाली. पण त्याच वर्षी १४ सप्टेंबरला कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी आली आणि वाटेत असलेला माल सीमेवरच कुजू लागला. कांदा तोच होता, वाघिणीही त्याच होत्या. बदलली होती ती दिल्लीतली एक अधिसूचना. याच सीमेवरचा हल्दीबारी ते चिलाहाटी हा मार्ग १९६५ च्या युद्धात बंद पडला तो डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी उघडला. सीमेवरचा मार्ग एका आदेशाने बंद होतो. तो उघडायला मात्र अनेकदा दोन पिढ्या लागतात.

घाटाने शिकवलेले

गोव्याच्या अनुभवातून तीन गोष्टी निघतात. पहिली, व्यापारी खर्चाला जितका भितो त्याहून अधिक अनिश्चिततेला भितो. १८९२ नंतर मुरगावला हरवले ते जकातीच्या दराइतकेच कॅसलरॉकच्या बेभरवशाने. दुसरी, सुरक्षा आणि वेग यांचे वैर अटळ नाही. माल निघतो तेथेच तो नीट तपासला आणि सील केला, तर सीमेवर पहारा कडक ठेवूनही गाडी लवकर सुटू शकते. जेथे दोन्ही बाजूंचा एकमेकांच्या सीलवर विश्वास नसतो, तेथे मात्र प्रत्येक वाघीण दोनदा उघडली जाते. तिसरी, बंद केलेली सीमा माल थांबवत नाही, त्याची दिशा बदलते. काही माल दुसऱ्या वाटेने जातो, काही अंधारातून जातो, आणि कायदेशीर मार्गावर जगणारी गावे मात्र मागे राहतात. १९५५ नंतर कुळ्याच्या बाजारपेठेने आणि कॅसलरॉकच्या फलाटाने तेच अनुभवले.

मुक्तीनंतर हा मार्ग पुन्हा सलग झाला. १९९० च्या दशकात त्याचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर झाले. घाटाचा चढ मात्र तोच राहिला, आणि म्हणूनच बँकर इंजिनेही राहिली. आता मालाची दिशा उलटली आहे. पूर्वी घाटावरचे खनिज बंदराकडे उतरत असे, आज परदेशातून आलेला कोळसा बंदरातून घाटावर चढतो. या मार्गाच्या दुपदरीकरणावरून गोव्यात मोठे आंदोलन झाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. वाद आता जकातीचा उरलेला नाही, तो मोलेच्या रानाचा आणि कोळशाच्या धुळीचा आहे. पण प्रश्नाचा गाभा १८७८ च्या करारापासून बदललेला नाही : या घाटातून जाणाऱ्या मालाचा लाभ कोणाला आणि त्याची किंमत कोणी मोजायची? तेव्हा मिठागरांवरच्या गावांना कोणी विचारले नव्हते. आज गावे स्वतः उभी राहून विचारत आहेत, हा फरक मात्र मोठा आहे.

कुळ्याहून निघालेली मालगाडी तासाभराहून अधिक वेळ घेत घाट चढते. कॅसलरॉकला पोहोचल्यावर बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली परततात. ज्या फलाटावर एकेकाळी ट्रंका उघडल्या जात, तेथून गाडी आता तिनईघाटाकडे निघून जाते.